गाण्याचे गायरान आणि तबकडीचे कुंपण

हातमागाचे लुगडे, ज्वारीची भाकरी आणि मातीचा माठ या वस्तू एकदा गरिबाच्या घरातून गेल्या आणि काही वर्षांनी शहरातील सुखवस्तू वस्त्यांमधल्या दुकानांत चौपट किमतीने परत आल्या. बाजारात परतणारी वस्तू ज्या घरातून गेली त्या घरी सहसा परतत नाही. ग्रामोफोनच्या तबकडीचे आज नेमके तेच झाले आहे. अमेरिकेत २०२० साली विनाइल तबकड्यांच्या विक्रीचे उत्पन्न सीडीच्या उत्पन्नापेक्षा अधिक झाले. १९८६ नंतर असे प्रथमच घडले. त्या लाटेचे तुषार आपल्याकडेही पोचले आहेत. जुन्या गाण्यांच्या एल. पी. पुन्हा छापल्या जात आहेत आणि दोन-तीन हजार रुपयांना विकल्या जात आहेत. पोवाडे, लावण्या, कोळीगीते, भारुडे आणि गोंधळ यांच्या जुन्या तबकड्या संग्राहकांच्या बाजारात हातोहात फिरत आहेत. जुन्या तबकडीवरचे तेच ध्वनिमुद्रण मोबाइलवर ऐकवून वेगळा पैसा मिळविला जातो तो निराळाच.

या पुनरागमनाचे कौतुक करणारे लेख आपण वाचतो. त्यांत सुईच्या खरखरीचे, वेष्टनावरील चित्रांचे आणि आजोबांच्या दिवाणखान्याचे वर्णन असते. त्यांत एक प्रश्न मात्र कधीच नसतो. तबकडीवर ज्याचा आवाज आहे, त्याला किंवा त्याच्या घरच्यांना या नव्या विक्रीतून काय मिळते? रसिकतेच्या मैफलीत हा प्रश्न अप्रशस्त वाटत असेल. समाजवादी कार्यकर्त्याने तो विचारलाच पाहिजे, कारण हा प्रश्न श्रमाचा आहे, मालमत्तेचा आहे आणि सामाईक संपत्तीभोवती कुंपण घालण्याचा आहे.

तबकडी कोणाच्या श्रमाची?

प्रथम वस्तूकडेच पाहू. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग याने कोलकात्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले आणि हिंदुस्थानात हा व्यवसाय सुरू झाला. तेव्हापासून पुढे अर्धे शतक जगभरच्या तबकड्या लाखेपासून बनत आणि त्या लाखेचा मुख्य पुरवठादार हिंदुस्थान होता. छोटा नागपूरच्या जंगलपट्टीतील आदिवासी पळस आणि कुसुमाच्या फांद्यांवरून लाख खरवडून गोळा करीत. ती कारखान्यांत शुद्ध होई आणि लंडन-न्यूयॉर्कला जाई. दुसऱ्या महायुद्धात ही आवक आटली तेव्हा, १९४२ साली, अमेरिकी सरकारला तबकड्यांसाठी होणारा लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कमी करण्याचा हुकूम काढावा लागला. म्हणजे लंडन-न्यूयॉर्कच्या दिवाणखान्यांतले संगीत आमच्या रानातल्या माणसाच्या बोटांवर अवलंबून होते. तबकडीच्या इतिहासात त्या बोटांचा उल्लेख सापडत नाही. पुढे लाख गेली आणि विनाइल आले. परंतु अनुल्लेखाची रीत कायम राहिली, ती आता गाणाऱ्याच्या वाट्याला आली.

दुसरी गोष्ट वेळेची. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. विनाइलच्या लहान ई. पी.वर दोन्ही बाजू मिळून चार गाणी येत आणि मोठ्या एल. पी.च्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटे मिळत. आता गोंधळ हा रात्रभर चालणारा विधी आहे. गण, आवाहन, आख्यान आणि पहाटेची आरती हा त्याचा क्रम असतो. पोवाडा तास-दीड तास चालतो आणि त्यात शाहीर गावातल्या चालू घटनेवर बोट ठेवतो. भारुडात सोंग असते, प्रश्नोत्तरे असतात, प्रेक्षकांतल्या पाटलाची टोपी उडविण्याची मुभा असते. या सर्वांतून तीन मिनिटांत बसेल आणि कोणाला टोचणार नाही एवढेच घेतले गेले. लावणीतला शृंगार घेतला गेला, पण वगातला सावकार बाहेर राहिला. कोळीगीतातला ठेका घेतला गेला, पण बंदरावरचा दलाल गाण्याबाहेर राहिला. ज्याला आपण ‘तबकडीवरील लोकसंगीत’ म्हणतो, ते लोकसंगीताचे असे काटछाट केलेले रूप आहे.

लाल बावटा कलापथकाचे उदाहरण घ्या. १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ते उभे केले. गिरणी कामगारांच्या चाळींपासून संयुक्त महाराष्ट्राच्या सभांपर्यंत लाखो माणसांनी त्यांना ऐकले. आमच्या राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकाने वसंत बापटांच्या लेखणीवर आणि सेवादलाच्या सैनिकांच्या गळ्यावर महाराष्ट्र पिंजून काढला, आणि त्याच मुशीतून निळू फुले, राम नगरकर यांसारखे कलावंत घडले. या दोन्ही प्रवाहांनी जेवढे गाइले त्याच्या तुलनेत तबकडीवर उतरले ते नगण्य. त्या काळी हिंदुस्थानातील तबकड्यांचा धंदा जवळजवळ संपूर्णपणे एका ब्रिटिश मालकीच्या कंपनीच्या हाती होता. साठच्या दशकाच्या अखेरीस पॉलिडोर ही दुसरी मोठी कंपनी आली, तोवर ‘हिज मास्टर्स व्हॉइस’चा शिक्का हाच बाजार होता. मालकाचा आवाज ऐकणाऱ्या कुत्र्याचे ते चित्र पुष्कळांना गोंडस वाटते. आम्हाला त्यात एका संपूर्ण व्यवस्थेचे प्रामाणिक वर्णन दिसते.

‘पारंपरिक’ या शब्दाचे अर्थकारण

लोकगीतांची जुनी तबकडी हातात घ्या आणि तिच्या मधल्या गोल कागदावरचा मजकूर वाचा. गायकाचे नाव बहुधा असते. संगीतकाराचे नाव ठळक असते. गीतकाराच्या जागी पुष्कळदा एकच शब्द असतो: ‘पारंपरिक’. ढोलकी कोणाची, संबळ कोणाचे, तुणतुणे कोणाचे आणि मागे झील धरणारे कोण, याचा पत्ता नसतो. हे गाणे कोणत्या गावाचे, कोणत्या जमातीचे आणि कोणत्या विधीतले, हेही नसते.

‘पारंपरिक’ हा शब्द दिसायला निरुपद्रवी आहे, पण आर्थिक व्यवहारात तो दोन कामे एकदम करतो. ज्याला रॉयल्टी द्यावी लागेल असा कर्ता तो कागदावरून पुसतो. आणि जी वस्तू सर्वांची आहे ती ‘कोणाचीच नाही’ असे ठरवून पहिल्या कुंपणवाल्याच्या हवाली करतो. मराठवाड्यातील कार्यकर्त्याला ही युक्ती नवी नाही. गायरान सर्व गावाचे असते. परंतु कागदोपत्री ते ‘कोणाचेच नाही’ असे मानले की बागायतदाराचा बांध दरवर्षी हातभर पुढे सरकतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे कसणाऱ्या भूमिहीनाला मात्र अतिक्रमणदार म्हणून नोटीस येते. भूमिहीनांच्या गायरान-हक्कासाठी आपल्या भागात किती मोर्चे निघाले हे येथे सांगण्याची गरज नाही. लोकगीत हे शब्दांचे आणि स्वरांचे गायरान आहे. तबकडीने त्याच्याभोवती कुंपण घातले.

येथे न्याय्य राहण्यासाठी एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. कंपनीची मालकी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणावर असते. पारंपरिक गाण्यावर नसते. तेच भारूड उद्या दुसऱ्याने गाइले तर त्याला कायद्याने अडविता येत नाही. पण व्यवहार कायद्याच्या पुस्तकाप्रमाणे चालतोच असे नाही. यंत्रावर चालणाऱ्या हक्कतपासणीच्या आजच्या युगात चाल जुळली की दावा आपोआप लागतो, आणि खेड्यातल्या भजनी मंडळापाशी त्या दाव्याला उत्तर देणारा वकील नसतो. संत एकनाथ आपल्या पैठणचे. त्यांच्या निधनाला चार शतकांहून अधिक काळ लोटला. त्यांच्या भारुडावर कोणाही मराठी माणसाने परवाना मागावा, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. परंतु भारूड ज्यांनी या चार शतकांत तोंडी परंपरेने जिवंत ठेवले त्यांचे नाव कोठे आहे? नाथषष्ठीला वाळवंटात सोंग घेऊन उभा राहणारा भारुडी हा केवळ वाहक नव्हे. तो दर पिढीत त्यात भर घालणारा सहकर्ता आहे.

अर्थशास्त्रात खंड आणि नफा यांत भेद केला जातो. उद्योजक धोका पत्करतो, भांडवल गुंतवितो आणि त्याचा मोबदला घेतो, तो नफा. केवळ मालकीच्या आधारे, नवे काहीही न करता जे उत्पन्न मिळते, तो खंड. रिकार्डोने जमीनदाराविषयी हे सांगितले, तेच जुन्या ध्वनिमुद्रणांच्या मालकाला लागू पडते. १९६५ साली शाहिराला एकरकमी बिदागी देऊन तबकडी काढणाऱ्या कंपनीने तेव्हा धोका पत्करला होता हे मान्य. पण तबकडी गेली, कॅसेट आली. कॅसेट गेली, सीडी आली. सीडी गेली, मोबाइल आला. आणि आता पुन्हा तबकडी आली. प्रत्येक फेऱ्यात तेच ध्वनिमुद्रण नव्याने विकले गेले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात ती जुनी कंपनी एका भारतीय उद्योगसमूहाकडे आली, २००० साली तिने ‘सारेगामा’ हे नाव घेतले, आणि २०१७ साली जुनी गाणी भरलेला ‘कारवान’ हा रेडिओसारखा संच बाजारात आणला. तो किती लोकप्रिय झाला हे सर्वांस ठाऊक आहे. हा सारा व्यवहार कायदेशीर आहे, कोणाही एका कंपनीवर आम्हाला येथे आळ घ्यावयाचा नाही. आमची तक्रार कायद्याच्या रचनेविषयी आहे. प्रत्येक फेऱ्यात मालकाचा खंड वाढला, आणि गाणाऱ्याची बिदागी पहिल्या दिवशी जेथे होती तेथेच राहिली.

कायदा काय म्हणतो?

१९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याने ध्वनिमुद्रणाचा ‘कर्ता’ म्हणून निर्मात्याला, म्हणजे कंपनीला मानले. गाणाऱ्याला त्यात कोणताही हक्क नव्हता. तो हक्क आला १९९४ च्या दुरुस्तीने, जी १९९५ मध्ये अमलात आली. तिच्यात ‘प्रयोगकर्ता’ या शब्दाची व्याख्या आहे, ती मुळातून वाचण्याजोगी आहे. गायक, वादक, नट आणि नर्तक यांच्या जोडीला कसरत करणारा, हातचलाखी करणारा आणि गारुडीसुद्धा त्या व्याख्येत आहे. संसदेने डोंबाऱ्याला आणि गारुड्याला कलावंत म्हटले, ही गोष्ट आमच्या कार्यकर्त्यांनी वस्त्यावस्त्यांवर जाऊन सांगितली पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी पुढचे पाऊल टाकले. व्यापारी वापर झाल्यास प्रयोगकर्ता रॉयल्टीस पात्र ठरला, आणि आपले नाव लावले जाण्याचा त्याचा नैतिक हक्कही मान्य झाला. गीतकार आणि संगीतकार यांना तर रॉयल्टीचा वाटा लिहून देण्यासही बंदी झाली.

मग अडचण कोठे आहे? अडचण अशी की लोकगीतांच्या तबकड्यांचा काळ हा त्याआधीचा. शाहीर साबळे, विठ्ठल उमप आणि प्रल्हाद शिंदे यांच्या पिढीने जेव्हा तबकडीसाठी गाइले, तेव्हा हा हक्क कायद्याच्या पुस्तकात नव्हताच. यांना निदान नाव तरी मिळाले. त्यांच्या मागे उभे असलेले झीलकरी आणि ढोलकीवाले नावालाही मुकले. ज्यांच्याकडे करारपत्र नाही, ज्यांचा अंगठा कशावर उठला हे ज्यांच्या मुलांना माहीत नाही, त्यांनी २०१२ चा कायदा घेऊन कोणाच्या दारात जावे?

याच कायद्यात दुसरीकडे काय आहे ते पाहा. १९९४ च्या त्याच दुरुस्तीने कलम ५३अ घातले. चित्रकाराचे मूळ चित्र किंवा लेखकाचे मूळ हस्तलिखित पुढे दहा हजार रुपयांपेक्षा अधिक किमतीस पुन्हा विकले गेले, तर मूळ कर्त्याला त्या किमतीत वाटा मिळण्याची तरतूद त्यात आहे, आणि त्याची कमाल मर्यादा १० टक्के आहे. म्हणजे वस्तू एकदा विकली गेली तरी तिच्या पुढील वाढत्या किमतीत श्रम करणाऱ्याचा हिस्सा राहतो, हे तत्त्व आमच्या संसदेने तीस वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. चित्रकाराला जे लागू आहे ते शाहिराला का लागू नसावे? दिवाणखान्यात टांगण्याची कला आणि चव्हाट्यावर उभे राहण्याची कला यांत कायद्याने हा भेद कोणत्या न्यायाने करावा?

जमिनीच्या बाबतीत आपण हा लढा एकदा लढलो आहोत. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा प्रथम दिली गेली तेव्हा कायदेपंडितांनी मालमत्तेच्या पावित्र्याचा हवाला दिला होता. तरीही १९५० साली हैदराबाद राज्याचा कूळकायदा झाला आणि मराठवाड्यात संरक्षित कुळाचे नाव कागदावर लागले. त्याच्या अंमलबजावणीत पळवाटा निघाल्या हे खरे. पण मालकी आणि कसणे यांत कसण्याला अधिकार आहे, हे तत्त्व प्रस्थापित झाले. तबकडीवरचा तो गोल कागद हा गाण्याचा सातबारा आहे. त्यावर कुळाचे नाव लावण्याची मागणी ही कूळकायद्याचीच पुढची पायरी आहे.

मराठवाडा दोनदा वगळला गेला

आमच्या भागाच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक कंगोरा आहे. तबकड्यांची बहर होती त्या काळात मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत होता आणि १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. ध्वनिमुद्रणाचे केंद्र मुंबई. त्यामुळे ‘मराठी लोकसंगीत’ म्हणून तबकडीवर जे स्थिर झाले ते प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्राची लावणी, तिकडचा पोवाडा आणि कोकणपट्टीचे कोळीगीत. तुळजापूरच्या आराध्यांची गाणी, माहूरचा गोंधळ, डक्कलवारांची किनरी, तांड्यांवरची बंजारा लेंगी आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायांच्या ओव्या या सर्वांना तबकडीत फारशी जागा मिळाली नाही. ही पहिली वगळणूक.

मराठवाड्याच्या गाण्याला यंत्रात जागा मिळाली ती ऐंशीच्या दशकात, कॅसेटमुळे. कॅसेट स्वस्त होती, ध्वनिमुद्रणाचे यंत्र तालुक्याच्या गावी पोचले होते, मुंबईच्या कंपनीची मर्जी लागत नव्हती. नामांतराच्या आंदोलनाची सोळा वर्षे, १९७८ ते १९९४, याच काळात येतात. वामनदादा कर्डकांची गाणी हजारो गळ्यांत गेली ती प्रथम सभा-जलशांतून आणि मग या कॅसेटींतून. आजही १४ जानेवारीला आपल्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी जो जनसागर लोटतो, त्यात पुस्तकांच्या आणि गाण्यांच्या दुकानांभोवती सर्वांत जास्त गर्दी असते. या कॅसेटींनीही कलावंताला न्याय दिला असे नाही. एकरकमी पैसे आणि पुढे काही नाही, ही रीत तेथेही होती. पण निवड करण्याचा अधिकार निदान लोकांच्या जवळ आला होता.

आता दुसरी वगळणूक सुरू आहे. तबकडीच्या पुनरुज्जीवनाला जुनी तबकडी हाच पुरावा लागतो. जे तेव्हा मुद्रित झाले तेच आज ‘वारसा’ म्हणून निवडले जाते. ज्या छोट्या कॅसेट कंपन्यांनी आंबेडकरी जलसा, आराधी गीते आणि भारुडे काढली, त्यांतील पुष्कळ बंद पडल्या. त्या कॅसेटींच्या फितींना बुरशी लागते आहे. विनाइलची तबकडी नीट ठेवली तर शंभर वर्षे टिकेल. फितीवरचे चुंबकीय ध्वनिमुद्रण तेवढे थांबणार नाही. दिवाणखान्याचा वारसा टिकेल आणि चव्हाट्याचा वारसा मरेल, अशी ही व्यवस्था आहे.

हे अपरिहार्य नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी जात्यावरच्या ओव्यांचे काम हाती घेतले तेव्हा बाजाराने त्या ओव्यांची किंमत शून्य ठरविली होती. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि त्याही गाणारणीच्या व गावाच्या नावासह. १९९६ साली बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगर वस्तीत मुद्रित केलेल्या, बाबासाहेबांवरील ओव्या त्यांतच आहेत. पुढे ‘परी’ या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहालयाने त्या सर्वांसाठी खुल्या केल्या. ‘लोकगीताला कर्ता नसतो, मग नाव कोणाचे लावणार?’ असे विचारणाऱ्यांना हे सर्वांत चोख उत्तर आहे. नाव विचारण्याची इच्छा असली की नाव सापडते.

आक्षेपांची उत्तरे

पहिला आक्षेप असा की कंपन्या नसत्या तर ही गाणी उरलीच नसती. यात अर्धे सत्य आहे. ध्वनिमुद्रण उरले ते कंपन्यांमुळे. गाणे उरले ते गाणाऱ्यांमुळे. वस्तू जपल्याबद्दल कोठारवाल्याला भाडे जरूर द्यावे, पण म्हणून धान्य त्याचे होत नाही.

दुसरा आक्षेप असा की लोकसंगीताच्या तबकड्यांचा बाजार अगदी लहान आहे, त्यातून कलावंताला कितीसे मिळणार? रक्कम लहान असेल. हक्क लहान नाही. दक्षिण आफ्रिकेतील सॉलोमन लिंडा या झुलू गायकाची कथा येथे आठवते. १९३९ साली जोहान्सबर्गमध्ये त्याने ‘म्बुबे’ हे गाणे गाइले आणि दहा शिलिंग घेऊन त्यावरील हक्क सोडला. पन्नासच्या दशकाच्या आरंभी पीट सीगर यांच्या ‘वीव्हर्स’ या गटाने ते गाइले; सीगर तर आपल्याच विचारांचे. पण तबकडीवर लिंडाचे नाव नव्हते, आफ्रिकेतले एक पारंपरिक गाणे म्हणूनच ते चालले. पुढे ते जगभर गाजले, चित्रपटांत गेले. लिंडा १९६२ साली दारिद्र्यात वारला. त्याच्या मुलींना न्याय मिळाला तो २००६ च्या तडजोडीने, म्हणजे गाण्यानंतर सदुसष्ट वर्षांनी. ‘पारंपरिक’ या शब्दाआड एक हाडामांसाचा माणूस असतो, आणि लहान वाटणारा बाजार केव्हा मोठा होईल हे त्या माणसाला कोणी आगाऊ सांगत नाही. १९७३ साली बोलिव्हियासारख्या गरीब देशाच्या सरकारने युनेस्कोकडे लोककलेच्या संरक्षणाची मागणी केली, १९८२ साली युनेस्को आणि जागतिक बौद्धिक संपदा संघटनेने आदर्श तरतुदी तयार केल्या. चाळीस वर्षांत त्यांवर आधारलेला भारतीय कायदा झालेला नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच घरातला आहे. काही साथी म्हणतात की शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगार आणि पाणी हे प्रश्न पेटलेले असताना तबकड्यांची चर्चा ही चैन आहे. या साथींनी एवढेच पाहावे की तमाशाच्या फडातल्या कलावंताला फडमालकाकडून मिळते ती रक्कम ‘उचल’ म्हणून ओळखली जाते आणि ऊसतोड मजुराला मुकादमाकडून मिळते तीही ‘उचल’च. शब्द एक आहे कारण संबंध एक आहे: आगाऊ रक्कम, बांधलेला हंगाम आणि न फिटणारा हिशेब. पुष्कळदा माणसेही एकाच वस्तीतली असतात. कलावंत हा श्रमिक आहे असे आपण भाषणात म्हणतो. मग त्याच्या मजुरीचा प्रश्न आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर हवा.

आणि चैन कोणाची? राज्य शासनाच्या मानधन योजनेतून वृद्ध कलावंताला २०२४ पासून दरमहा ५,००० रुपये मिळू लागले. त्याआधी ती रक्कम याहूनही कमी होती. आजची नवी एल. पी. दोन-तीन हजारांची. म्हणजे दोन तबकड्यांची किंमत हा एका शाहिराचा महिना आहे. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला होता. २००२ साली त्यांचा अखेरचा आजार पैशांच्या विवंचनेत गेला. पुढे शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार ठेवला. हयातीत हक्क नाकारावयाचा आणि मागाहून गौरव करावयाचा, ही रीत आता पुरे.

काय केले पाहिजे?

नुसत्या संतापाने काही होत नाही, म्हणून मागण्या नेमक्या शब्दांत मांडतो.

एक, लोकगीतांची कोणतीही तबकडी नव्याने छापताना गायक, वादक आणि झीलकरी यांची नावे, गाव आणि गीताचा प्रकार छापणे बंधनकारक करावे. ‘पारंपरिक’ हा शब्द वापरावयाचा तर कोणाची परंपरा, हेही लिहावे.

दोन, कायद्यात दुरुस्ती करून १९९५ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांच्या नव्या विक्रीतही प्रयोगकर्त्याचा आणि त्याच्या वारसांचा वाटा मान्य करावा. कलम ५३अ मधील १० टक्क्यांची मर्यादा हा त्यासाठी तयार आधार आहे. वारस न सापडल्यास ती रक्कम कंपनीकडे न राहता लोककलावंतांच्या निधीत जावी, आणि त्या निधीच्या कारभारात कलावंतांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असावेत.

तीन, ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांनी संपतो. १९६० साली निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१ रोजी त्या बंधनातून मुक्त झाली, आणि दरवर्षी आणखी एका वर्षाच्या तबकड्या मुक्त होत आहेत. शब्दांवरील आणि चालीवरील हक्क मात्र कर्त्याच्या निधनानंतर साठ वर्षे चालतो. पठ्ठे बापूराव १९४५ साली गेले, त्यांचे शब्द आता सर्वांचे आहेत; अण्णाभाऊ १९६९ साली गेले, त्यांच्या शब्दांना अजून संरक्षण आहे. हा भेद सांभाळून, जे मुक्त झाले त्याची यादी शासनाने दरवर्षी प्रसिद्ध करावी, त्याच्या उत्तम प्रती काढाव्यात आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालील सार्वजनिक ग्रंथालयांतून त्या विनामूल्य ऐकवाव्यात. सार्वजनिक संस्थेने हे काम करता येते याला दाखला आहे. अमेरिकेत ‘फोकवेज’ या कंपनीची दोन हजारांहून अधिक ध्वनिमुद्रणे १९८७ साली स्मिथसोनियन या राष्ट्रीय संस्थेकडे आली ती एका अटीवर: विक्री होवो वा न होवो, एकही ध्वनिमुद्रण अनुपलब्ध होऊ द्यावयाचे नाही. भांडवलशाहीच्या पंढरीत हे होऊ शकते, तर समाजवादी हा शब्द ज्याच्या संविधानाच्या उद्देशिकेत आहे त्या देशात का होऊ नये?

चार, मराठवाड्याचा स्वतंत्र लोकध्वनिसंग्रह आपल्या शहरात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात उभा राहावा. याच शहरात डॉ. प्रभाकर मांडे यांनी आयुष्यभर लोकसंस्कृतीचा अभ्यास केला. त्यांच्या नंतरच्या पिढीवर हे ऋण आहे.

या मागण्या मुंबई-दिल्लीला पोचविण्यासाठी खालून काम उभे राहावे लागेल, आणि ते काम पैशांवाचून होण्याजोगे आहे. प्रत्येक तालुका शाखेने आपल्या क्षेत्रातील साठीपुढच्या गोंधळ्यांची, भारुड्यांची, आराध्यांची, जलसाकारांची आणि ओव्या गाणाऱ्या बायांची यादी करावी. कोणी कधी तबकडीसाठी वा कॅसेटसाठी गाइले, किती पैसे मिळाले, कागद आहे की नाही, हे लिहून घ्यावे. जुन्या कॅसेटी भंगारात जाण्याआधी मिळवाव्यात आणि मोबाइलवर का होईना उतरवून ठेवाव्यात. गाणे नोंदविताना गाणाऱ्याचे नाव आधी लिहावे, आणि गाणे पुढे कोणाला द्यावयाचे याची संमती त्याच्याकडूनच घ्यावी. नाहीतर आपणही धाकटे कुंपणवालेच ठरू.

शाहिरांनी या पक्षाच्या आणि या चळवळीच्या सभांना माणसे जमवून दिली. वक्ता उशिरा यायचा आणि तोवर सभा धरून ठेवायची ती डफाने आणि तुणतुण्याने. त्या डफवाल्याचे नाव आपल्याही सभावृत्तांत क्वचितच छापले गेले. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणणाऱ्यांनी आता ‘गाईल त्याचे गाणे’ हेही म्हणावयास हवे, आणि त्याचा आरंभ आपल्या तालुक्याच्या यादीतल्या पहिल्या नावापासून करावयास हवा.